पॅक गार होऊ द्या

सदर : ओटीच्या दारातून
मोताळा

मे महिन्यातली दुपार. जवळच्याच एका लहान रुग्णालयातून सिस्टरांचा फोन आला. "दादा, चार्जर गेला बघा. लाल दिवा लुकलुकतोय, हिरवा होतच नाही. पेशंट टेबलवर आहे, लवकर या."

पोचलो तोवर ऑपरेशन निम्म्यावर आलं होतं. अंगणात पाय घसरून पडलेल्या एका आजींच्या नडगीला प्लेट बसवायची होती. दोन छिद्रं पाडून झाल्यावर ड्रिलचा आवाज जड झाला आणि तिसऱ्या छिद्रात ते थांबलं. बॅटरीचा दुसरा पॅक चार्जरवर होता, पण चार्ज झालेला नव्हता. डॉक्टरांनी हँड ड्रिल मागवलं आणि सुतार गिरमिट फिरवतो तशी उरलेली छिद्रं हातानं पाडली. आजी सुखरूप बाहेर आल्या. भूल मात्र ठरल्यापेक्षा बरीच लांबली.

चार्जर ठेवला होता ऑटोक्लेव्हच्या खोलीत. वर पत्रा, पश्चिमेची खिडकी, शेजारी वाफ सोडणारं यंत्र. आदल्या केसमध्ये वापरून तापलेला पॅक सरळ तिथंच खोचला होता. हातात घेतला तर चांगलाच ऊन लागला. मी काहीही उघडलं नाही. चार्जर आणि पॅक उचलून ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या, गार खोलीत टेबलावर ठेवले. पाऊण तासानं हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

चार्जर बिघडला नव्हता. पॅक तापलेला असताना तो वीज घालायला तयार नव्हता, आणि त्याचंच बरोबर होतं.

हे आपल्या भागात समजून घेणं फार गरजेचं आहे. राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे आलं की बुलढाण्याची गार हवा मागे राहते. मलकापूर, नांदुरा, मोताळा या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. आणि लिथियम-आयन सेल चार्ज करायची नेहमीची मर्यादा आहे शून्य ते ४५ अंश. म्हणजे पत्र्याच्या खोलीत आपला पॅक काही काम न करताच मर्यादेच्या उंबरठ्यावर बसलेला असतो. त्यात जलद चार्जिंगची उष्णता मिळवली की तो उंबरठा ओलांडतो.

जलद चार्जिंग म्हणजे काय, हे साध्या हिशेबानं पाहू. २ अँपिअर-अवरचा पॅक २ अँपिअरनं चार्ज केला तर साधारण तासाभरात भरतो. पंधरा मिनिटांत भरायचा तर ८ अँपिअर लागतात. करंट चौपट झाला. पण सेलच्या आतल्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती सोळापट वेगानं तयार होते. वेळ पाव झाला तरी पॅकमध्ये एकूण उष्णता चौपट पडते. ही उष्णता बाहेर पडायला ना वेळ असतो ना जागा, कारण ड्रिलचा पॅक मुठीत मावेल एवढा, चहूबाजूंनी बंद. अशा तापण्यानं आतली रसायनं झिजतात आणि दोन वर्षं चालणारा पॅक वर्षात बसतो.

निकेल-मेटल हायड्राइडच्या जुन्या पॅकची तऱ्हा वेगळी. पॅक भरला की पुढची वीज साठत नाही, तिची उष्णता होते आणि व्होल्टेज किंचित खाली येतं. चार्जर हीच खूण ओळखून थांबतो. पॅक आधीच तापलेला असेल तर ही खूण गढूळ होते. म्हणून चांगला चार्जर आधी तापमान बघतो, मग वीज सोडतो.

बॅटरी जपावी लागते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी बॅटरीचा पंप असतो. तो पंप दिवसभर चालवून रात्री चार्जिंगला लावायचा, हंगाम संपल्यावर रिकामा ठेवून द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बॅटरी उठत नाही, हे ज्याला चटका बसला त्याला पक्कं ठाऊक आहे. शेतात पंप बंद पडला तर एक दिवस जातो. ओटीत ड्रिल बंद पडलं तर माणूस टेबलवर असतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

ड्रिल मंदावण्याचा तोटा वेळेपुरताच नाही. फिरणं मंद झालं की हात नकळत जास्त दाबतो, छिद्राला वेळ लागतो आणि घर्षणानं हाड तापतं. स्वीडनच्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडांवर प्रयोग करून दाखवलं की ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. इजा झालेल्या हाडात स्क्रू ढिला पडू शकतो. पॅकची मर्यादा ४५ अंश आणि हाडाची ४७. हे दोन आकडे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. चार्जिंगच्या खोलीतला निष्काळजीपणा शेवटी पेशंटच्या हाडापर्यंत पोचतो.

मग जलद चार्जिंग नकोच का? नक्कीच हवं. रात्री घाटात अपघात झाला, एकामागून एक दोन पेशंट आले, लाईट गेली आणि जनरेटर तासभरच चालणार असेल, तर वीस मिनिटांत उभा राहणारा पॅक पाय वाचवू शकतो. पण तो वेग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा असतो. रोजच्या कामाचा आधार तिसरा पॅक हाच आहे: एक ड्रिलमध्ये, एक भरलेला तयार, एक गार होतोय. ज्या ओटीत तीन पॅक आहेत तिथं घाई करावी लागत नाही. जिथं एकच आहे तिथं कितीही महागडा चार्जर आणा, दर केसला धावपळ ठरलेली.

आणि नेमकी इथंच खरेदी चुकते. कोटेशनमध्ये ड्रिलची किंमत बघतात, पॅकची बघत नाहीत. दोन-तीन वर्षांनी पॅक बसतो, नवा मागवायला मंजुरी लागते, तोवर उत्तम ड्रिल कपाटात पडून राहतं. खरेदीच्या वेळीच चार गोष्टी लिहून घ्या: सोबत किमान तीन पॅक, तापमान पाहून थांबणारा चार्जर, पुढच्या पाच वर्षांसाठी पॅकचा ठरलेला भाव, आणि जुना पॅक परत नेण्याची जबाबदारी. ही शेवटची अट कुणाची मेहेरबानी नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकलेलीच आहे.

पॅकचा भाव ऐकून लोक माझ्याकडे येतात. "सेल बदलून द्या ना, बाहेरून कळतसुद्धा नाही." मी नाही म्हणतो, आणि का ते सांगतो. पॅकमध्ये सेलला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर असतो. चार्जरला तापमान कळतं ते त्याच्यामुळे. घाईनं बांधलेल्या पॅकमध्ये तो सुटतो, किंवा चार्जरनं अडवू नये म्हणून त्याच्या जागी साधा रेझिस्टर जोडतात. मग पॅक कितीही तापला तरी चार्जरला तो कायम गारच दिसतो. पाच-दहा रुपयांच्या वस्तूची खोटी साक्ष, आणि तिच्यावर भरवसा ठेवून ऑपरेशन. हे मी करणार नाही.

स्वस्तात करण्याला माझा विरोध नाही. आपल्या शेजारच्या खानदेशात, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पण त्यांनी ते गुपचूप केलं नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनना सोबत घेतलं, पेशंट तपासत राहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापले. स्वस्त आणि तपासलेलं यात अंतर पडू न देणं, ही ग्रामीण शस्त्रक्रियेची खरी परंपरा आहे. आपण पॅकच्या बाबतीत तिच्याशी इमान राखलं पाहिजे.

निर्जंतुक करण्याची शिस्तही याच कामाचा भाग. ड्रिलचं हँडल आणि झाकण १३४ अंशांच्या वाफेतून जातं. बहुतेक पॅकना ती वाफ सोसत नाही. म्हणून स्क्रब झालेल्या सिस्टर उघडं हँडल धरतात, त्याच्या तोंडावर निर्जंतुक नरसाळं बसवतात, आणि दुसऱ्या सिस्टर कुठंही स्पर्श न होऊ देता पॅक वरून आत सोडतात. नरसाळं बाजूला, झाकण बंद. अर्ध्या मिनिटाचं काम, पण मी पाहिलेल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक. काही पॅक वाफेसाठीच बनवलेले असतात. ते बाहेर काढल्यावर आपोआप गार होऊ द्यायचे. पाण्यात बुडवायचे नाहीत, फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, ऊन असताना चार्जरला लावायचे नाहीत.

चार्जरची जागाही ठरवा. कापूस, स्पिरिट, ऑक्सिजन यांच्यापासून दूर, रात्री कुणाच्या तरी नजरेत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ८ आणि ९ जानेवारी २०२१ च्या मधल्या रात्री लागलेल्या आगीत १० तान्ही बाळं गेली. ती आग बॅटरीची नव्हती. पण रुग्णालयात चालू असलेलं कुठलंही विजेचं यंत्र नजरेआड सोडू नये, हे त्या रात्रीनं आपल्याला कायमचं शिकवलं.

त्या रुग्णालयात मी पुन्हा गेलो तेव्हा चार्जर गार खोलीत, भिंतीलगतच्या फळीवर होता. तीन पॅकवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर अ, ब, क आणि खरेदीची तारीख. शेजारी दोरीनं बांधलेली वही: कधी काढला, कधी गार झाला, कधी भरला, किती छिद्रं चालला. सिस्टरांनी क पॅकवर बोट ठेवलं. "हा आता सहाच छिद्रं चालतोय, दादा. पुढच्या महिन्यात बदलायचा, अर्ज दिलाय."

पॅक बसायच्या आधीच अर्ज गेला होता. आपल्या प्रत्येक ओटीत मला एवढंच बघायचं आहे.

(लेखक मोताळा परिसरात रुग्णालयांची उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आहेत.)