नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

हडपसरला आमच्या शेजारची मुले संध्याकाळी माझ्याकडे गोष्टींची पुस्तके वाचावयास येतात. परवा त्यांच्यात वाद जुंपला. जपानी चित्रकथेतील ‘नोबिता’ या नावाला काही अर्थ असेल काय, हा तो वाद. ‘‘अर्थ आपल्या नावांना असतात, त्यांचे नुसते आवाज!’’ असे एकाचे ठाम मत होते. निवाडा माझ्याकडे आला.

मुलांनो, तसे नाही. जपानी माणूस आपले नाव बहुधा चित्रलिपीतून आलेल्या अक्षरांत लिहितो आणि त्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अर्थ असतो. ‘युकी’ हे नाव एका अक्षराने लिहिले तर ‘हिम’, दुसऱ्याने लिहिले तर ‘सुख’. तेथील चित्रकथाकारही नावे विचारपूर्वक योजतात. माचिको हासेगावा या लेखिकेने १९४६ साली सुरू केलेल्या ‘साझाए-सान’ या चित्रकथेतील सारे कुटुंबच जणू समुद्रातून वर आले आहे. साझाए म्हणजे एक प्रकारचा शंख, तिचा भाऊ कात्सुओ म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा आणि धाकटी बहीण वाकामे म्हणजे समुद्रशेवाळ! नोबिताच्या नावात ‘वाढणे’ हा अर्थ आहे. मुलगा निकोप वाढावा, ही बापाची इच्छा. पण या मुलाला परीक्षेत मिळते शून्य! नाव आणि वर्तन यांतील हे अंतरच आपल्याला हसविते.

आपले लेखकही या कलेत मागे नाहीत. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील नायक सुधाकर. सुधा म्हणजे अमृत. ज्याचे किरण अमृताचे, तो सुधाकर म्हणजे चंद्र. त्याची पत्नी सिंधू, म्हणजे सागर. चंद्राकडे पाहून भरती येणारा सागर आणि अमृताचे नाव धारण करून मद्यात बुडणारा चंद्र! नावांचा अर्थ कळला म्हणजे त्या नाटकातील दुःख अधिक खोल जाणवते. त्यातीलच ‘तळीराम’ हे नाव तर मद्यप्यासाठी मराठीत रूढच झाले. आमच्या हडपसरजवळची फुरसुंगी तुम्हांला ठाऊक आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे तेथलाच. फुरसुंगी या नावात ‘फुरसत’ ऐकू यावी आणि तेथल्या ‘फास्टर’ फेणेला क्षणाचीही फुरसत नसावी, ही मोठी गंमत नव्हे काय?

मात्र येथे एक भेद ध्यानी घ्यावा. लेखक आपल्या पात्राचे नाव ठेवतो, तेव्हा गोष्टीचा शेवट त्याच्या हाती असतो. पाळण्यातील बाळाचे नाव मात्र गोष्टीच्या आरंभीच ठेवावे लागते. म्हणून ते नाव म्हणजे भविष्य नव्हे. ती केवळ एक इच्छा असते. पूर्वी मुले जगत नसत, तेव्हा आईबाप नव्या बाळाला दगडू, धोंडू म्हणत. दगडाकडे मृत्यूची दृष्टी जाऊ नये, एवढाच हेतू. नाव ओबडधोबड, पण त्यामागे माया असे.

परंतु काही नावांमागे मायाही नव्हती. माझ्या नोकरीच्या आरंभी मी हजेरी घेताना ‘नकुशी’ असे एक नाव वाचले. मुलीच मुली झाल्या, आता ही नको, म्हणून ठेवलेले ते नाव. वर्ग हसला. त्या मुलीने मान खाली घातली, आणि मी पुढचे नाव वाचले. मी थांबावयास हवे होते. त्या हसण्याहून माझे न थांबणे मला आज अधिक बोचते. पुढे २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे वाचून मला फार समाधान वाटले.

तरीही नाव बदलले, म्हणजे सारे काही झाले असे नाही. धोंडो म्हणजे दगड. पण धोंडो केशव कर्वे हे नाव उच्चारताना दगड कोणाला आठवतो? आठवते ते हिंगण्याचे कार्य आणि १९१६ साली त्यांनी स्थापिलेले महिला विद्यापीठ. समाजाला ज्या ‘नकोशा’ होत्या, त्यांच्यासाठी हा धोंडो पायाचा दगड झाला! नावाला अर्थ देणारा माणूस असतो, तो असा.

म्हणून माझे मत असे : गोष्ट वाचताना नावाचा अर्थ अवश्य विचारा, त्यात लेखकाचे मन सापडेल. पण माणूस भेटला म्हणजे नावावरून त्याची पारख करू नका, आणि त्याच्या नावाला हसू तर मुळीच नका. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा फरक आहे. पहिले काम मोठ्यांनी केले, त्यात तुमचा हात नव्हता. दुसरे काम न करणे मात्र सर्वस्वी तुमच्या हाती आहे.