नुकसानीची वही

फराळाच्या ताटाशी पुराची गोष्ट काढली, म्हणून वाचकांनी रागावू नये. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजणारी माणसे आपण. पण निसर्गाने केलेल्या नुकसानीचे पान आपल्या चोपडीत आहे कुठे?

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली. परवा शिरगावातल्या माझ्या वर्गात मी सांगितले, "पाणी कुठवर चढले होते, घरी विचारून या." एकाने गुडघाभर आणले, दुसऱ्याने छपराएवढे, तिसऱ्याच्या घरचे तेव्हा इथे नव्हतेच! २७ जुलै २०१९ रोजी त्याच नदीने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर उतारूंसह अडवली, तेव्हा पुन्हा सारे चकित!

तलाठी पंचनामा करतो, नाही असे नाही. पण तो भरपाईपुरता. पैसे वाटले की कागद दप्तरात. जपानातल्या सेंडाई येथे २०१५ साली भारतासह अनेक राष्ट्रांनी आपत्तींतले मृत्यू आणि हानी कमी करण्याचे ठरवले. न मोजलेली हानी कमी झाली, हे कळणार कसे?

"अशी वही ठेवाल तर जागांचे भाव पडतील," असे एक गृहस्थ मला म्हणाले. पडेनात का! भाव पडलेला परवडतो. घर पडलेले परवडत नाही.

म्हणून गावोगाव वही हवी: तारीख, पाण्याची उंची, गेलेली माणसे, गुरे, घरे. नव्या बांधकामाला परवानगी देण्याआधी ती उघडलीच पाहिजे. यंदा चोपडीला कुंकू लावाल, तेव्हा शेजारी ही कोरी वहीही ठेवा. पहिली ओळ घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. ते आहेत तोवरच.