फुकटच्या मालाचा व्यापार

आपल्या मालाची कृती जगजाहीर करून वर तो कोणालाही बनवू देणारा कारखानदार अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आढळत नाही. संगणकाच्या व्यवसायात मात्र तो तीन दशके नांदतो आहे. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर बाजारात टिकेल काय, ही शंका आता शिळी झाली. १९९३ साली निघालेल्या रेड हॅट कंपनीने लिनक्सच्या देखभालीची वर्गणी घेऊन धंदा उभारला. संहिता खुली, विकली जात होती ती हमी. २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली.

वाद आहे तो मिळकतीच्या वाटणीचा. आज अनेक उद्योग ॲमेझॉनसारख्यांची यंत्रे भाड्याने घेतात. त्या यंत्रांवर इतरांनी घडविलेले मुक्त सॉफ्टवेअर बसवून त्याची सेवा विकली, की भाडे यंत्रमालकाला मिळते आणि कर्ता बाजूला राहतो. नियमाने यात गैर काही नाही. परवानाच तसा आहे. तरीही ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही तक्रार उठणारच. इलॅस्टिक कंपनीने २०२१ मध्ये परवाना आवळला, तर ॲमेझॉनने जुन्या संहितेवरून ‘ओपनसर्च’ ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये रेडिसने तोच मार्ग धरला आणि ‘व्हॅलकी’ जन्मास आली. पुढे दोन्ही कंपन्यांना मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. एकदा खुली केलेली विहीर झाकली, तर शेजारी दुसरी खणली जाते.

ज्यांच्याजवळ विकण्याजोगी सेवाही नाही, त्यांची स्थिती याहून बिकट. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांची गुप्तता राखणारी ‘ओपनएसएसएल’ मूठभर माणसे सांभाळीत होती. देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा कोठे बड्या कंपन्यांनी हात सैल सोडला. रस्ते-पुलांची डागडुजी करांतून होते, त्याच न्यायाने जर्मनीने २०२२ पासून अशा कामासाठी सरकारी निधी ठेवला आहे. भारत सरकारने २०१५ च्या धोरणात सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. परवान्यांचा खर्च वाचतो, हे त्याचे उघड आकर्षण. त्या बचतीचा काही वाटा देखभालीकडे वळवायचा, तर तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा लागेल. आणि जे फुकट मिळते त्यावर पैसा कशाला, असे विचारणारा लेखापरीक्षक तेथे भेटल्यावाचून राहणार नाही.