पोटरी बारीक राहिली म्हणून बूट सोडू नका

निफाडकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा दोन वर्षांचा. जन्मतःच उजवे पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली. नाशिकला प्लास्टर घालून पाऊल सरळ झाले, पोर चालू लागले. पण उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक दिसते. सासूबाई म्हणतात, प्लास्टरने पाय वाळला. आता ते रात्रीचे बूटही बंद करा, तेल लावून चोळू म्हणजे पोटरी भरेल. काय करावे?

ताई, सासूबाईंची माया खरी, पण बूट बंद करू नका.

पोटरीचे मांस वर जाड असते आणि खाली निमुळते होत होत दोरीसारखे टाचेला बांधलेले असते. या दोरीला डॉक्टर कंडरा म्हणतात. पाऊल उचलताना पोटरी आवळते, दोरी टाचेला वर ओढते आणि आपण पुढे ढकलले जातो. वाकड्या पावलाच्या बाळाची पोटरी मुळातच लहान असते. तिचा मांसल भाग आखूड, त्यात चिवट धागे जास्त, आणि टाचेमागची दोरी ताठ. तान्ह्या बाळाच्या गुबगुबीत पायात हे दिसत नाही. मूल वाढू लागले की दोन पायांतला फरक उघड होतो. दोष प्लास्टरचा नव्हे. तेल लावायचे तर लावा, पण त्याने ती भरून निघणार नाही.

जुन्या माणसांना बारीक पोटरी पाहून पोलिओ आठवतो. तो आजार निराळा, आणि भारत 2014 साली पोलिओमुक्त जाहीर झाला. ग्रहणात विळी हाती धरली म्हणून पाऊल वळले, हेही खरे नाही. साधारण हजारात एखाद-दुसरे बाळ असे जन्मते, त्यात मुलगे जास्त. सुनेला बोल लावू नये.

पूर्वी अशा पायावर मोठी शस्त्रक्रिया करीत आणि पुढे पाऊल ताठरत असे. मूळचे स्पेनचे, अमेरिकेत आयोवा येथे काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी दुसरी वाट दाखवली. द्राक्षाची कोवळी काडी मांडवावर एकदम ओढली तर मोडते, बेताबेताने वळवली तर वळते, तसेच हे. दर आठवड्याला पाऊल हळूच थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी पाच-सहा प्लास्टरे. बोटे निळी वा गार पडली तर मात्र थांबू नये, तसेच दवाखाना गाठावा. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची दोरी बारीक छेद देऊन तोडतात. ऐकून आईच्या पोटात गोळा येतो; पण तान्ह्या बाळाची ही दोरी प्लास्टरच्या आत सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा जुळते, तीही हवी तेवढी लांब होऊन.

त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग रात्री व दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. दोष एकाच पायात असला तरी बूट दोन्ही पायांत. पाय सरळ दिसतो म्हणून घरोघरी बूट इथेच सुटतात, आणि पाऊल पुन्हा आत वळण्याचे मोठे कारण तेच. मूल पहिले काही दिवस रडेल. दोन्ही पाय एकत्र उचलून खेळवा, सुती मोजे घाला, कातडीला फोड आला का ते रोज पाहा. बूट आखूड झाले की कांद्याची काढणी चालू असली तरी एक दिवस मोडून बदलून आणा.

चालण्याचे म्हणाल तर उपचार पुरे झालेली बहुतेक मुले इतरांसारखीच चालतात, पळतात, शाळेला जातात. टाचेने ढकलण्याचा जोर त्या पायात थोडा कमी राहतो. लंगडी खेळताना किंवा चवड्यावर उभे राहताना तो जाणवेल. त्याला चिडवू नका, खेळू द्या. एका पायाची चप्पल थोडी लहान लागली तरी घाबरू नये.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर कुणाचे बाळ असे जन्मले तर आशाताईंना वा अंगणवाडीत लगेच सांगा. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकड्या पावलाचा समावेश आहे. तपासणी व उपचार मोफत. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू व्हावे, बारशासाठीही खोळंबू नये.