आभाळ उसनं, सावली खोटी

सबमिशन जवळ आलं की होस्टेलच्या निम्म्या रूम्समध्ये रात्रभर एकच उद्योग चालतो, रेंडरिंग! कुणाची बाग, कुणाचा कॅम्पस, कुणाचा बसथांबा. आराखडा झाला की शेवटी त्यावर एक झकास आभाळ चढवायचं. इंटरनेटवर फुकट मिळतं. डाऊनलोड करा, इंपोर्ट करा, झालं! माझं म्हणणं एवढंच की हे आभाळ म्हणजे भिंतीवरचं पोस्टर नव्हे.

साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. त्यात पांढरा ढग आणि सूर्य सारखेच पांढरे! हाय डायनॅमिक रेंज, म्हणजेच एचडीआर चित्रात मात्र उजेडाचं खरं प्रमाण साठवता येतं. कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो एकत्र करून असं चित्र कसं मिळवायचं, ते १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरला शिकलेले जितेंद्र मलिक यांनी दाखवलं. १९९८ मध्ये डेबेव्हेक यांनी अशाच चित्राच्या उजेडात संगणकातल्या वस्तू उजळवल्या. थोडक्यात काय, तर आभाळ इंपोर्ट केलं की ऊन-सावलीही सोबत येते. आणि कुठली? जिथे फोटो काढला तिथली!

मी सिल्लोडचा. आमचं गाव साधारण २०.३ अंश उत्तर अक्षांशावर. आता गणित करून बघा. २१ जूनला सूर्य माथ्यावर असताना १० मीटर उंच खांबाची सावली लंडनमध्ये सव्वापाच मीटर पडते. सिल्लोडला? जेमतेम अर्धा मीटर, आणि तीही दक्षिणेला! मे महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास तर दुपारी साडेबाराच्या सुमारास खांबाची सावली त्याच्या पायातच गडप होते. मग युरोपातलं आभाळ लावून आपण भिंतीच्या उत्तरेला बाक ठेवतो, स्क्रीनवर छान गार सावली दिसते. प्रत्यक्षात त्या बाकावर मे महिन्यात भर दुपारी कोण बसणार?

"अरे, प्रेझेंटेशनपुरतं आहे, सावली कोण मोजतंय?" असं काही मित्र म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात पैसा आणि मंजुरी असते, तो प्लॅन वाचत नाही, चित्र बघतो. चित्रात सावली पुरेशी दिसली की तो म्हणणार, "झाडं कमी करा, खर्च वाचेल." बाजाराला मिरची घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मात्र चित्रातली सावली मिळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी भिंत कामाची नाही, डोक्यावर कडुनिंबाची फांदीच लागते. हे रेंडरमध्ये दिसलंच पाहिजे.

उपाय अवघड नाही. सूर्य सॉफ्टवेअरचाच ठेवा. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाका. आभाळाचं चित्र फिरवून त्यातला सूर्य त्याच दिशेला आणा. उंची जुळत नसेल तर दुसरं चित्र घ्या. दोन्ही सूर्य एकदम तळपत ठेवले तर प्रत्येक झाडाला दोन सावल्या पडतील! आणि एचडीआर फाईल जेपीजी करून वापरू नका, सगळी मेहनत पाण्यात.

त्याहून चांगलं म्हणजे आपलं आभाळ आपणच टिपावं. ट्रायपॉड, कमी-जास्त एक्स्पोजर देणारा कॅमेरा आणि ह्युगिनसारखं फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. फक्त सूर्यावर थेट कॅमेरा रोखू नका. मे महिन्यातलं धुळकट पांढरं, जुलैतलं भरून आलेलं आणि डिसेंबरमधलं निळंशार, अशी मराठवाड्याची तीन आभाळं कॉलेजच्या सर्व्हरवर असली, तर पुढच्या बॅचला लंडनकडे हात पसरावा लागणार नाही. होस्टेलची गच्ची आहेच की! सरांनी परवानगी आणि चावी तेवढी द्यावी.