नागरभावीचे फाटक

रविवारी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, दुपारी दोन ते चार या वेळेत देशभरातल्या हजारो मुलांनी ‘क्लॅट’ ही विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा दिली. दोन तासांत एकशेवीस प्रश्न, आणि उत्तर चुकले तर पाव गुण वजा. पसंतीक्रम भरताना यातली बहुतेक मुले पहिल्या ओळीत एकच नाव लिहितात : बंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल. केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०१८ पासून विधी शिक्षणात पहिला क्रमांक याच संस्थेचा आहे. परीक्षा घेणारा विधी विद्यापीठांचा महासंघ, म्हणजे कन्सोर्टियम, त्याचे कार्यालयही याच आवारात, नागरभावीला आहे. ज्या दारातून आत जायचे त्याची किल्लीही त्याच घरात, असा हा मामला.

हे आवार बंगळुरू विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसराला लागून आहे. म्हैसूर रस्त्याकडून आत वळले की हजारभर एकरांची झाडी लागते आणि तिच्यातून शहराचा रस्ता सरळ आरपार जातो. विद्यापीठाचा रस्ता म्हणून आखलेल्या या वाटेवर आसपासच्या वस्त्यांच्या गाड्या आणि बसगाड्या दिवसभर धावतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथे बसच्या धडकेने जखमी झालेल्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. बाहेरची वाहतूक बंद करा, या मागणीसाठी तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर बसले होते. विद्यापीठाच्या आवारात कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा प्रश्न नागरभावीच्या बाजूला असा अगदी डांबरी स्वरूपात उभा आहे. लॉ स्कूलच्या फाटकाशी तो कायद्याच्या भाषेत विचारला जातो, एवढाच काय तो फरक.

फाटकाच्या आतले रोजचे आयुष्य मात्र चारचौघांसारखेच. वर्षाचे तीन भाग. प्रत्येक भागात साधारण चार विषय, प्रत्येक विषयाला एक शोधनिबंध आणि त्यावर तोंडी परीक्षा. म्हणजे पाच वर्षांत एकेका मुलाच्या नावावर साठेक निबंध जमतात. त्यामुळे नारायणराव मेलगिरी यांच्या नावाच्या ग्रंथालयात निबंध द्यायच्या आदल्या रात्री जी गर्दी होते, ती एरवी होत नाही. मेसच्या जेवणाबद्दल तक्रारी असतात, हजेरीचे टक्के भरत नाहीत, आणि स्ट्रॉबेरी फील्ड्स या रॉक महोत्सवाची तयारी अभ्यासाच्या वेळेत चालते. अभिरूप न्यायालयाच्या जगातल्या सर्वांत मानाच्या ‘जेसप’ स्पर्धेत इथल्या संघाने १९९९ आणि २०१३ असे दोनदा अजिंक्यपद मिळवले. ती गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर पहिल्या आठवड्यातच ऐकवत असतील, यात शंका नाही.

इतर कॉलेजांत असल्या कुरबुरी फार तर प्राचार्यांच्या केबिनपर्यंत पोचतात. लॉ स्कूलमधल्या बहिष्कारापर्यंत, नाहीतर थेट कोर्टात जातात. २०१९ मध्ये कुलगुरूंच्या नेमणुकीचे पत्र निघेना, तेव्हा विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार घातला. शेवटी सुधीर कृष्णस्वामी रुजू झाले. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. आणि मग आले २०२०. करोनामुळे क्लॅट पुढे पुढे जात होती. वर्षाचे तीन भाग असल्याने प्रवेश लांबले तर अख्खे वर्ष शून्य होईल, असे म्हणत लॉ स्कूलने सप्टेंबरच्या सुरुवातीला वेगळी परीक्षा जाहीर केली आणि १२ तारखेला ती मुख्यतः घरबसल्या, कॉम्प्युटरवर घेऊनही टाकली. नऊ-दहा दिवसांत लॅपटॉप आणि इंटरनेटची सोय कोणी कशी करायची, याचा विचार बहुधा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला असावा. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. याचिकाकर्ते दोन होते : एक परीक्षार्थीचे पालक आणि दुसरे याच संस्थेचे माजी कुलगुरू आर. वेंकट राव. २१ सप्टेंबरला न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. २८ तारखेला क्लॅट झाली. दुसऱ्याच दिवशी, २९ ला, कर्नाटक उच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. राज्य सरकारने कायदा दुरुस्त करून कर्नाटकच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागा न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. रवी होसमनी यांच्या खंडपीठाने रद्द ठरवल्या. नऊ दिवसांत एकाच फाटकाबद्दल दोन निकाल.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाने स्वतःहून, आपल्या विस्तार योजनेत, कर्नाटकच्या विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. सरकारने सांगितले म्हणून नको, आम्ही ठरवले म्हणून चालेल, असा हा बाणा. त्यात हेका दिसतो तसे तथ्यही दिसते, कारण राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेला शेजारच्या जिल्ह्यांतली मुले दिसतच नाहीत, ही तक्रार खोटी नव्हती. या वर्गवारीची व्याख्या मराठी वाचकाने लक्ष देऊन वाचावी अशी आहे. कर्नाटकचा विद्यार्थी म्हणजे राज्यातल्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांत किमान दहा वर्षे शिकलेला. घरात कोणती भाषा बोलतात, आडनाव काय, हे कुठे विचारलेले नाही. म्हणजे खानापूरच्या किंवा निपाणीच्या मराठी शाळेत पहिलीपासून शिकलेली मुलगी नागरभावीच्या हिशेबात कर्नाटकची विद्यार्थिनी ठरते. सीमाभागाच्या राजकारणात असे सरळ उत्तर फार कमी वेळा मिळते.

पण तिला पेपर सोडवायचा आहे इंग्रजीत. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. प्रश्नांचे स्वरूपही असे की चारचारशे शब्दांचे उतारे भराभर वाचून त्यातला युक्तिवाद पकडायचा. कायद्याची जाण मोजायची म्हणून घेतलेली परीक्षा बऱ्याच अंशी इंग्रजी वाचनाचा वेग मोजते. अर्जाची फी साधारण चार हजार रुपये आहे, क्लासची त्याच्या कितीतरी पट. लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनीच २०१५-१६ मध्ये आपल्या सहाध्यायांची पाहणी केली होती आणि तिला नाव दिले होते ‘द इल्युझिव्ह आयलंड ऑफ एक्सलन्स’. गुणवत्तेच्या या बेटावर कोण पोचते, तर बहुतेक शहरातली, इंग्रजी माध्यमातली, शिकल्या-सवरलेल्या घरांतली मुले, हे त्या पाहणीत दिसले. त्याआधीच, २०१० मध्ये, याच संस्थेचे माजी विद्यार्थी प्रा. शामनाद बशीर यांनी ‘इडिया’ ही संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करायला सुरुवात केली होती. २०१९ मध्ये बशीर गेले, काम चालू आहे. पण एकेक मूल हाताला धरून दारापर्यंत न्यायचे, हा उपाय दार अरुंद आहे याचीच कबुली देतो.

नीटचा पेपर मराठीत मिळतो. जेईई मेनचाही मिळतो. आपल्या राज्यातल्या विधी अभ्यासक्रमांची सीईटी तर कित्येक वर्षे इंग्रजी आणि मराठीत होते, आणि ती देऊन मुले चांगल्या कॉलेजांत जाऊन वकील होतात. क्लॅट इतर भारतीय भाषांत घ्या, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आली तेव्हा कन्सोर्टियमने अडचणींचा पाढा वाचला. बार कौन्सिलने मात्र मागणीला अनुकूलता दाखवली. इंग्रजीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद असा : राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, शिकवणेही इंग्रजीत आहे. ते खरे आहे. पण आत आल्यावर साठ निबंध इंग्रजीत लिहून घेणारी शाळा पाच वर्षांत इंग्रजी शिकवू शकत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

शिवाय कायद्याचे काम दिल्लीत सुरू होत नाही. ते सुरू होते तालुक्याच्या कोर्टात, सातबारा आणि फेरफारावर, पंचनाम्यावर, दाव्यात आणि कैफियतीत. पुरसीस म्हणजे काय हे क्लॅटमध्ये पहिला आलेल्याला ठाऊक नसेल, आणि गडहिंग्लजच्या कोर्टातल्या कारकुनाला झोपेतही माहीत असते. लॉ स्कूलची स्थापना झाली ती नेमकी हे अंतर तोडायला. कर्नाटक विधिमंडळाने १९८६ मध्ये कायदा केला, एन. आर. माधव मेनन संस्थापक संचालक झाले, आणि १९८८ च्या जुलैत सेंट्रल कॉलेजच्या आवारात पहिली तुकडी बसली. कोर्टात उभा राहणारा वकील चांगला शिकलेला असावा, ही मेनन यांची धडपड होती. त्यासाठी त्यांनी बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम रुळवला. आज देशभर पंचविसाहून अधिक विधी विद्यापीठे त्याच साच्यावर चालतात. पहिली तुकडी बाहेर पडली १९९३ मध्ये, उदारीकरणानंतर दोन वर्षांनी. परकी भांडवल येत होते, करारमदार लिहिणारे हुशार तरुण हवे होते आणि पगार डोळे दिपवणारे होते. मुले कंपन्यांच्या कायदा कचेऱ्यांत गेली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लाखांची फी भरलेल्या घराला पहिला पगार लागतोच. पण कोर्टासाठी काढलेली शाळा कंपन्यांना माणसे पुरवणारी झाली, हे मेनन यांनाही हयातीत दिसले होते. २०१९ च्या मे महिन्यात ते गेले.

२०२५ मध्ये या गोष्टीत एक मराठी माणूस आला. आदल्या वर्षीच्या क्लॅटच्या उत्तरसूचीत चुका निघाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मे रोजी न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने, प्रश्न ज्या हलगर्जीपणाने काढले जातात त्यावर उघड नाराजी व्यक्त करत काही प्रश्नांचे गुण बदलायला लावले. आठवड्याभराने गवई सरन्यायाधीश झाले. लॉ स्कूलच्या कायद्यानुसार कुलपतिपदही सरन्यायाधीशांकडे असते. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला, अमरावती विद्यापीठाची पदवी घेतलेला वकील नागरभावीच्या आवारातल्या सर्वोच्च पदाचा धनी झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. अमरावतीतल्या त्या शाळेतल्या आजच्या मुलाने क्लॅटचा पेपर उघडला, तर तो त्या दोन तासांत कुठवर पोचेल?

त्याच गवईंच्या हस्ते १७ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले तिथे ऐकली जाऊ लागली. या अपिलांबरोबर खालच्या कोर्टांची मराठी कागदपत्रे येतात आणि न्यायमूर्तींसमोर ठेवण्याआधी त्यांचे इंग्रजी करावे लागते. कुळकायद्याच्या दाव्यातली साक्ष दोन्ही भाषांत नीट वाचू शकणारा ज्युनियर मिळवायला कोल्हापुरातले सीनियर वकील आज वणवण करत असतील. नॅशनल लॉ स्कूलमधून असे ज्युनियर येणार कसे? ज्यांना या दोन्ही भाषा वाचता येतात ती मुले पहिल्याच चाळणीत गळतात.

महाराष्ट्राची मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विधी विद्यापीठे २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाली. राज्यातल्या मुलांसाठी तिथे जागा राखीव आहेत, पण त्याही भरतात क्लॅटनेच. स्वतंत्र परीक्षा घेण्याचा मार्ग २०२० च्या निकालाने बंद केला, कारण महासंघाचा सभासद महासंघाचे नियम मोडू शकत नाही. नागरभावीने आपल्या तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी २०२२ पासून वेगळी परीक्षा सुरू केली आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला ती वाट नाही. मग पेपर मराठीत आणायचा तर तो कन्सोर्टियमच्या ठरावानेच येईल. कन्सोर्टियमच्या बैठकीत महाराष्ट्राचे तीन कुलगुरू बसतात. पुढच्या क्लॅटची जाहिरात निघण्याआधी त्यांच्यापैकी एकाने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावला पाहिजे, आणि मत कोणी कुठल्या बाजूने दिले याची नोंद जाहीर केली पाहिजे.