औषध आहे, सोबत हवी

आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावर पाजताना होऊ शकते. काहीच उपचार झाले नाहीत, तर बाधित मातांच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना ती होते. आईने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांच्या, गोळ्या वेळेत सुरू करून रोज घेतल्या आणि बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिन हे औषध मिळाले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे; गरोदर स्त्रीची चाचणी नावनोंदणीच्या वेळीच करावी, असा देशभरचा दंडक आहे. तरीही एखादे बाळ बाधित निघते, तेव्हा औषधांचे कपाट तपासून फारसे हाती लागत नाही. चाचणीपासून बाळ दीड वर्षाचे होईपर्यंत आईचा हात कुठे सुटला, हे पाहावे लागते. तो हात धरून ठेवण्याचे काम त्याच वाटेने गेलेली दुसरी आई सर्वांत चांगले करू शकते. अशा मातांना प्रसूती विभागात रीतसर, पगारी जागा मिळायला हवी.

आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रम देशात २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा कळा लागल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक मात्रा, एवढ्यावर काम संपत असे. आईच्या स्वतःच्या उपचारांचा विचार त्यात दुय्यम होता. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय सहभागी असलेल्या तीन देशांतील अभ्यासाने २००८ मध्ये बाळाला सहा आठवडे औषध देण्याचा फायदा दाखवला. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आजन्म एआरटी देण्याचे धोरण आले. ते शास्त्राला धरून होते आणि न्यायाचेही होते. मात्र त्यामुळे एका रात्रीचे काम दोन वर्षांहून लांबले. आईची रोजची गोळी, बाळाला किमान सहा आठवडे नेव्हिरापिनचे सिरप, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी, पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने आणि शेवटी अठराव्या महिन्यात पुन्हा चाचणी. यातला एक जरी टप्पा चुकला, तरी आधीची मेहनत वाया जाऊ शकते.

नाशिक जिल्ह्यात हे टप्पे चुकायला कारणे भरपूर आहेत. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. नाव सिन्नरला नोंदवलेले आणि बाळंतपण मराठवाड्यातल्या एखाद्या गावी, असे सहज घडते. सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांत मुक्कामाला येतात. सातपूर, अंबडच्या वसाहतींतले कामगार खोल्या बदलत राहतात. नोंदवहीतला पत्ता तसाच राहतो आणि बाई दुसरीकडे गेलेली असते.

घरातला पेच याहून अवघड. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, पाणीदेखील देऊ नये, असे रुग्णालयात सांगितले जाते. त्यामागे ठोस कारण आहे: कोवळ्या वयात दुधासोबत इतर पदार्थ दिले की आतड्याच्या अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळते. पण घरी सासूने सहाणेवर गुटी उगाळून ठेवलेली असते, मधाचे बोट तयार असते. ती मायेपोटीच देत असते. सुनेने कारण सांगितले तर आजार उघड होतो आणि न सांगितले तर ती शेफारलेली ठरते. समुपदेशकाच्या टेबलावर या प्रसंगाला छापील उत्तर नाही. ज्या आईने असा प्रसंग निभावला आहे, तिच्याकडे मात्र असते: डॉक्टरांनी पोट बिघडेल म्हणून मनाई केली आहे असे सांग, पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत आण. गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची, नवऱ्याला चाचणीसाठी कसे तयार करायचे, हेही ती सांगू शकते. शिवाय तिचे स्वतःचे निरोगी मूल शाळेत जात असते. निदानाने हादरलेल्या स्त्रीला आकडेवारीपेक्षा हा पुरावा लवकर पटतो.

या पद्धतीला जगात आधार आहे. केप टाऊनमध्ये २००१ साली 'मदर्स टू मदर्स' या संस्थेने बाधित मातांना प्रशिक्षण व वेतन देऊन दवाखान्यात नेमले आणि हे काम पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेले. मलावीतील एका अभ्यासात अशा मातांची सोबत मिळालेल्या स्त्रियांपैकी दोन वर्षांनंतर सुमारे ८० टक्के उपचारांत टिकून होत्या. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास होते. भारतातही २०१३ पासून 'विहान' कार्यक्रमाच्या केंद्रांत एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते काम करत आले आहेत. त्यांचा अनुभव प्रसूती विभागापर्यंत पोचवणे एवढेच उरते.

एक धोका मात्र नीट सांभाळावा लागेल. जिचा आजार साऱ्या वॉर्डाला ठाऊक आहे, तिच्याशी बोलताना दिसणे म्हणजे स्वतःचाही आजार जाहीर करणे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय कोणाचीही माहिती उघड करण्यास बंदी घातली आहे. म्हणून ओळख समुपदेशकाने, आणि त्या स्त्रीने होकार दिल्यावरच करून द्यावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे सोबत करणाऱ्या या आईने सगळ्याच गरोदर स्त्रियांना आहार, लोहाच्या गोळ्या, स्तनपान यांविषयी मार्गदर्शन करावे. मग तिच्याजवळ कोण बसले, यावरून कुणाला काही कळणार नाही. तिच्या स्वतःच्या गोपनीयतेलाही तोच कायदा लागू आहे. सहकाऱ्यांपुढे तिची कहाणी वापरायची की नाही, हे तिनेच ठरवायचे.

मानधनाचा प्रश्न टाळता येणार नाही. आशा सेविकांच्या मोबदल्यासाठी किती मोर्चे निघाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बाधित मातांकडून सेवाभावाच्या नावाखाली फुकट काम करून घेणे तर अधिकच गैर, कारण त्यांतल्या अनेकींवर एकटीने घर चालवायची वेळ आलेली असते. राज्य एड्स नियंत्रण संस्थेने जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे बिटको व डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय आणि मालेगाव येथे प्रत्येकी किमान दोन पदे मंजूर करावीत, प्रवासखर्च व फोनचा खर्च वेगळा द्यावा, आणि माहेरी जाणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या संमतीने तिथल्या केंद्राला आधीच कळवण्याची जबाबदारी या मातांकडे सोपवावी. कामाचे मोजमाप भेटींच्या संख्येवर होऊ नये. नोंदलेल्या किती बाळांची अठराव्या महिन्यातली चाचणी पूर्ण झाली, हा आकडा जिल्हा एड्स नियंत्रण पथकाने दर तिमाहीला, कोणाचीही ओळख उघड न करता, प्रसिद्ध करावा.